पंपिंग किती टक्के?

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी टक्के विचारतो. ब्लॉकेज किती होतं? माझं शंभर होतं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली होती, तातडीने अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग स्वतःच्या मेव्हण्याच्या सत्तर टक्क्यांची गोष्ट सुरू करतो.

फायलीत आणखी एक टक्केवारी होती, ती मी कुणाला सांगत नव्हते. टू-डी इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन ४५ लिहिलं होतं. वॉर्डात सगळे त्याला पंपिंग म्हणतात. मी शाळेत गणित शिकवते. शंभरपैकी पंचेचाळीस म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज डॉक्टरांना वाटली नाही आणि विचारायची मला वाटली नाही. निम्म्याहून जास्त हृदय कामातून गेलं, उरलेलं पुरवून पुरवून वापरायचं, इतका सरळ हिशोब होता.

तो हिशोब अंगात कसा भिनतो ते सांगण्यासारखं आहे. मी डावा हात खांद्याच्या वर नेणं बंद केलं. केस विंचरायला उजवा हात. डाव्या कुशीवर झोपणं बंद, कारण त्या बाजूला ठोके कानात ऐकू येत. आंघोळ बसून, तीही दार नुसतं लोटून. जोरात हसू आलं तरी मध्येच थांबवायचे. रात्री मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून.

घरचे माझ्याही पुढे. मी कूस बदलली की हे उठून बसत. मुलीने माझा फोन स्वतःकडे घेतला, का तर कुणी काही वाईट बातमी सांगायला नको. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला की चार हात आडवे यायचे. "तू बस गं," हे वाक्य त्या काळात मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आपण बसण्यासाठीच वाचलो की काय असं वाटावं. सगळ्यांची माया खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याभोवतीची सगळी माणसं आपल्याशी काच सांभाळल्यासारखी वागू लागली की आपण काचेचेच आहोत याबद्दल शंका उरत नाही.

शाळेचा विषय ह्यांनी कधीच निकालात काढला होता. अटॅक टेन्शनने आला, टेन्शन शाळेचं, सबब शाळा सोडायची.

रिहॅबला, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात आणि आजार समजावून सांगतात तिथे, जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. ज्या हृदयाला जिना झेपत नाही त्याला मशीनवर पळवायचं, हे मला पटण्यासारखंच नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांनी फायलीवर लाल शाईने लिहिलं होतं आणि मुलीने परस्पर वेळ घेतली होती, म्हणून गेले. पुढे तिथल्याच मानसशास्त्रज्ञ मॅडमकडून कळलं की माझ्यासारख्यांवर अभ्यास झालाय. न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला अटॅक आलेल्या १४३ रुग्णांना दवाखान्यात असतानाच त्यांच्या आजाराबद्दल काय वाटतं ते विचारलं आणि पुढचे काही महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९६ साली ते छापून आलं. हा आजार आटोक्यात आणता येतो असं ज्यांना वाटत होतं ते रिहॅबला जास्त आले. आजार फार दिवस राहणार नाही, त्याने आयुष्याची फारशी उलथापालथ होणार नाही असं ज्यांना वाटत होतं ते सहा आठवड्यांच्या आत कामावर परतण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे ज्यांना रिहॅबची सगळ्यात जास्त गरज, तेच नेमके घरी बसून राहतात.

पहिल्या दिवशी वजन नाही, ब्लडप्रेशर नाही, मॅडमनी आधी एक छापील कागद दिला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहामधला एक आकडा. या आजाराचा तुमच्या आयुष्यावर किती परिणाम झालाय? तो किती काळ राहील असं वाटतं? तुमच्या हातात किती आहे? औषधोपचारांचा किती उपयोग होईल? आजार तुम्हाला किती समजलाय? 'किती समजलाय' पुढे मी बेधडक नऊ लिहिलं. शेवटी, तुमच्या मते आजाराची मुख्य तीन कारणं, महत्त्वाच्या क्रमाने. मी लिहिलं: टेन्शन, टेन्शन, नशीब. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आता तुमचं हृदय काढून दाखवा. अटॅकनंतर आत काय झालंय असं तुम्हाला वाटतं, ते. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही."

मी एक गोल काढला, मधून उभी रेघ मारली आणि डावा भाग पेन्सिलने काळा करत गेले. रेघेजवळ थोडी जागा सुटली होती, तीही भरली. मग उरलेल्या उजव्या भागातून एक तडा काढला. तो का काढला ते सांगता आलं नसतं. वॉर्डात असताना एका शिकाऊ डॉक्टरने ह्यांना "थोडक्यात वाचल्या" असं सांगितलं होतं, ते पडद्याआडून माझ्या कानावर आलं होतं. बहुतेक तो तडा तिथला.

या चित्रांमागेही संशोधन आहे. एलिझाबेथ ब्रॉडबेंट आणि पेट्री यांच्याच गटाने २००४ साली अटॅक आलेल्या रुग्णांनी काढलेली हृदयाची चित्रं तपासली. ज्यांनी चित्रात जास्त नुकसान दाखवलं होतं त्यांना तीन महिन्यांनंतरही आपलं हृदय कमी सावरलंय असं वाटत होतं, आणि ते कामावर उशिरा परतले. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला किती इजा झाली ते दाखवणारं प्रथिन, त्याच्या पातळीपेक्षा चित्रावरून पुढच्या वाटचालीचा अंदाज जास्त चांगला येत होता. मला हे ऐकून आधी रागच आला. म्हणजे माझं दुखणं मनाचं, असंच ना? मॅडम म्हणाल्या, "दुखणं खरंच आहे. पण ते केवढं आहे, हे तुम्ही रिपोर्टवरून नाही, या चित्रावरून ठरवताय. आणि वागताय चित्राप्रमाणे."

मग त्यांनी माझी फाईल उघडली आणि ४५ वर बोट ठेवलं. निरोगी हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन साधारण ५५ ते ७० असतं. भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर फेकणारं हृदय कुणाचंच नसतं, धावपटूचंही नाही. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती हिस्सा बाहेर पडतो, तेवढंच तो आकडा सांगतो. हृदय किती मेलं आणि किती उरलं याचं ते माप नव्हेच. माझे पंचेचाळीस शंभराशी लावायचेच नव्हते, साठाच्या आसपासच्या आकड्याशी लावायचे होते. त्यातही तो इको अटॅकनंतर लगेच काढलेला. स्नायूचा काही भाग जिवंत असूनही त्या धक्क्यात काही काळ नीट आकुंचन पावत नाही, पुढे सुधारू शकतो. जो भाग खरोखर मेलेला असतो तिथे काही आठवड्यांत पक्का व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही, पण केस विंचरल्याने तो उसवतही नाही.

आयुष्यभर पोरांना सांगत आले, टक्केवारी कशाची ते आधी विचारा.

मॅडमचं पुढचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हृदय कमकुवत झालंय असं मानलं की माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की पायांचे, पाठीचे, सगळे स्नायू शिथिल पडतात. अंथरुणाला खिळलेल्या धडधाकट माणसाचेही पडतात. मग दहा पावलांत दम लागतो, पायऱ्या चढताना छाती धडधडते. ही धडधड म्हणजे हृदय गेल्याचा पुरावा, असं माणूस समजतो आणि आणखी कमी हलतो. माझ्या थकव्यात बीटा ब्लॉकर या गोळीचाही वाटा होता. ती नाडीचा वेग आणि रक्तदाब मुद्दाम खाली ठेवते, आणि काही जणांना तिने गळून गेल्यासारखं होतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर रोज दुपारी "आता संपलं" असं वाटलं नसतं, "गोळी काम करतेय" असं वाटलं असतं. थकवा तितकाच, त्याचा अर्थ वेगळा. दवाखान्यातून निघताना गोळ्यांची वेळ सांगतात, गोळ्यांनी कसं वाटेल ते सांगत नाहीत. यात मी रुग्णाची काही चूक मानायला तयार नाही.

छातीत दुखण्याचीही अशीच फोड केली. एका वहीत लिहायचं: कधी, कुठे, कसं, किती वेळ, काय करताना, कशाने गेलं. माझं बहुतेक दुखणं बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं, काही सेकंदांचं, दाबल्यावर किंवा वळल्यावर कमी-जास्त होणारं निघालं. ते छातीच्या पिंजऱ्याचं, स्नायूंचं. अंजायना वेगळा: दाबल्यासारखं, जड, श्रमाने येणारं, कधी जबडा-हातापर्यंत जाणारं, थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने कमी होणारं. आणि अंजायना म्हणजे छोटा अटॅक नव्हे. त्यात स्नायूला थोडा वेळ रक्त कमी पडतं, स्नायू मरत नाही. रिहॅबमधल्या निम्म्या लोकांना प्रत्येक कळेबरोबर हृदयाचा एक तुकडा गळतोय असं वाटत होतं. नियमही स्पष्ट सांगितला होता: थांबून, गोळी ठेवून पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही किंवा वाढलं तर वहीत काही लिहीत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. असा नियम हातात असला की बाकीच्या वेळी निर्धास्त राहता येतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मग ट्रेडमिल. तिथला फिजिओ मुलगा मला काकू म्हणायचा. भिंतीवर सहापासून वीसपर्यंत आकड्यांची एक पट्टी लावलेली. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. बोर्गची पट्टी म्हणतात तिला. "काकू, अकरा ते तेराच्या मध्ये राहायचं. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत." सहापासून का सुरू, एकपासून का नाही, असं मी विचारल्यावर त्याने सांगितलं की साधारणपणे आकड्याला दहाने गुणलं की निरोगी माणसाच्या नाडीचा अंदाज येतो. मला ती पट्टी त्या क्षणी आवडली. अर्थात बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला हा गुणाकार लागू नाही, म्हणूनच आमच्यासारख्यांनी नाडीपेक्षा स्वतःला जाणवणाऱ्या श्रमावर चालायचं.

ह्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. हे दर वेळी काचेपलीकडच्या खुर्चीत बसत, आणि मशीनचा वेग वाढला की उभे राहत. एका शनिवारी फिजिओने ह्यांना आत बोलावलं, "काका, चप्पल काढा, बूट घाला," म्हणून थेट पट्ट्यावर उभं केलं. माझाच वेग, माझाच चढ. पहिल्या मिनिटाला हे मिश्कील हसत होते. दुसऱ्याला हसणं गेलं. तिसऱ्याला कठडा धरला. उतरल्यावर घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तू हे एवढं करतेस?" त्या दिवसापासून घरात पाण्याचा पेला माझा मी उचलू लागले, कुणी आडवं आलं नाही.

ही युक्ती त्या पोराची स्वतःची नव्हती. १९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अटॅकमधून सावरणाऱ्या तीस पुरुषांच्या बायकांचे तीन गट केले. काहींनी नवऱ्याची ट्रेडमिल चाचणी पाहिली नाही, काहींनी नुसती पाहिली आणि काही त्याच मशीनवर स्वतः तीन मिनिटं चालल्या. नवऱ्याच्या हृदयाला हे झेपतं यावरचा विश्वास सगळ्यात जास्त वाढला तो स्वतः चाललेल्या बायकांचा. आमच्या घरी पात्रं उलटी होती, एवढाच फरक. डोळ्यांनी पाहून जे पटत नाही ते पायांना पटतं, आणि आजाराबद्दलच्या समजुती एकट्या रुग्णाच्या डोक्यात नसतात, घरभर पसरलेल्या असतात. मला वाटतं दवाखान्यातून सोडताना नातेवाइकांनाही एक कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. ह्यांच्या चित्रात माझं हृदय उरलंच नसतं.

एके काळी डॉक्टरांच्याही समजुती अशाच होत्या, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटॅक आलेल्याला चार-सहा आठवडे पलंगावरून हलू देत नसत. अमेरिकेत लेव्हिन आणि लाऊन या दोन डॉक्टरांनी १९५२ साली रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना अटॅक आला. पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढवून पुन्हा निवडून आले. त्यांना कुणी "तू बस गं" म्हटलं नसावं.

कारणांच्या यादीवर मात्र मी बरंच भांडले. टेन्शन खोटं होतं का? नव्हतं. पण टेन्शन एवढंच कारण मानलं की उपाय एकच उरतो, शाळा सोडा. मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला, चालणं कशाला, वर्षानुवर्षं "थोडंसंच आहे" म्हणून सोडून दिलेलं ब्लडप्रेशर कशाला तपासायचं? मॅडमनी ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचं सांगितलं. २००४ सालचा तो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक-सामाजिक ताण, फळंभाज्या, दारू, व्यायाम अशा नऊ घटकांनी मिळून पहिल्या अटॅकचा पुरुषांतला सुमारे ९० आणि बायकांतला सुमारे ९४ टक्के धोका स्पष्ट होतो. ताण त्यात आहे, पण नवातला एक. मी नवांपैकी माझे किती ते मोजले आणि यादी पुन्हा लिहिली: ब्लडप्रेशर, न चालणं, टेन्शन. नशीब कापलं. आईला याच वयात अटॅक आला होता, ते नशिबाच्या जागी लिहावं का यावर आमचं एकमत झालं नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही तिथे भेटली, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते. माझ्याच दिवशी ॲडमिट झालेले एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, नळ तुंबला होता, मोकळा केला, विषय संपला. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग गोळ्या कशाच्या? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यांनी आपल्या मनाने बंद केल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत आले. वाचले. त्यांचं हृदय त्यांच्या कल्पनेत माझ्यापेक्षा कितीतरी ठणठणीत होतं. तेव्हा 'मनाने खंबीर राहा, सगळं ठीक होतं' असं सांगणाऱ्यांना मी आता त्यांची गोष्ट सांगते. खंबीरपणाने धमनी उघडत नाही. आजाराबद्दल आपण जे मानतो त्याने आपण काय करतो ते बदलतं: चालतो की नाही, गोळी घेतो की नाही, दुखल्यावर घाबरतो की अंगावर काढतो. आणि मॅडमनी दाखवलेले अभ्यास लहान आहेत हेही खरं. त्यांच्या बैठका ज्यावर बेतल्या होत्या तो पेट्रींचा २००२ चा प्रयोग ६५ रुग्णांचा. अटॅकनंतर दवाखान्यातच तीन छोट्या बैठका घेऊन ज्यांच्या समजुती दुरुस्त केल्या ते कामावर लवकर गेले आणि तीन महिन्यांनी त्यांनी अंजायनाच्या तक्रारी कमी सांगितल्या. एवढंच, पण कमी नाही.

एक प्रश्न विचारायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल आपणहून कुणी अक्षर काढत नाही, पन्नाशीतल्या बाईशी तर नाहीच. शेवटी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी तितक्याच सहज सांगितलं: दोन जिने भराभर चढून छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल तर हरकत नाही. शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.

शाळेत रुजू व्हायला फिटनेसचा फॉर्म भरायचा होता. त्यात आजाराच्या नावापुढे दोन चौकोन: 'बरा झाला' आणि 'चालू आहे'. अटॅक होऊन गेला होता, व्रण भरला होता. धमन्यांचा आजार मात्र राहणार होता. एक गोळी साधारण वर्षभर, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची कायमची. पहिला चौकोन मनात धरला नसता तर मी शाळेपर्यंत पोचलेच नसते, आणि दुसरा विसरले असते तर त्या गृहस्थांच्या शेजारी दाखल झाले असते. मी दोन्हींवर खूण केली. कारकुनाने फॉर्म परत पाठवला, 'कृपया एकच पर्याय निवडावा' असा शेरा मारून. मग डॉक्टरांकडून वेगळ्या चिठ्ठीवर 'कामास योग्य, औषधे चालू' असं लिहून आणलं. ती चिठ्ठी फॉर्मला टाचली आणि सोमवारी आठवीच्या वर्गावर गेले.